केडीएस ७२६ सोयाबीन : एका पिशवीवर सहा हंगाम

मोबाईल घेतला की लोक चौथ्या दिवशी अभिप्राय लिहितात. मी सहा हंगाम थांबले. बियाण्याचा अभिप्राय त्याआधी लिहूच नये, कारण पहिल्या वर्षी पाऊस चांगला झाला तर दगडही उगवतो.

मी औसा तालुक्यातली. घरची साडेतीन एकर, त्यातली दोन भारी, दीड मुरमाड. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. लातूरची आडत जवळ, म्हणून सोयाबीन सुटत नाही. ज्या वाणाबद्दल लिहिते आहे तो फुले संगम, म्हणजेच केडीएस ७२६. केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन. सांगलीजवळच्या या गावात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथे हा तयार झाला. कृष्णाकाठी सोयाबीनवर तांबेरा फार. पानं तपकिरी होऊन गळतात, शेंगा पोचट राहतात. त्या रोगाशी झुंजता झुंजता तिथल्या लोकांनी हे वाण काढले. पैसा कोणाचा? राज्य सरकारचा आणि १९६७ पासून चाललेल्या अखिल भारतीय समन्वित सोयाबीन प्रकल्पाचा. म्हणजे तुमचा-माझा. काडेपेटी घेतानाही आपण कर भरतो.

माझ्याकडे तो आला २०२० च्या जूनमध्ये, आणि सरळ रस्त्याने आला नाही. त्या वर्षी मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही, आठवत असेल. आदल्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला, बियाणं भिजलं, तेच पुढे पिशव्यांत भरलं गेलं. तक्रारी इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मी जी पिशवी घेतली ती कोणाची ते लिहीत नाही. पेरून दहा दिवस झाले तरी तासांत खांडण्याच खांडण्या. मग उरलेल्या मूठभर दाण्यांतून शंभर मोजून गोणपाटात टाकले, तर उगवले एक्केचाळीस. हे पेरणीआधी करायचं असतं. मी नंतर केलं, त्याला काय म्हणायचं!

धाकटी बहीण वाळवा तालुक्यात दिली आहे. तिच्याकडे ऊस आणि सोयाबीन. तिला फोनवर सांगितलं, "बाई, दुबार पेरणी आली, बियाणं कुठंच नाही." ती म्हणाली, "अक्का, माझ्याकडं डिग्रजची एक पिशवी जास्तीची हाय, पांढऱ्या चिठ्ठीची. पर यायची कशी?" टाळेबंदी होती, जिल्हा ओलांडायला पास लागायचा. शेवटी लातूरहून तूरडाळ घेऊन सांगलीला गेलेल्या ट्रकमध्ये ती पिशवी परतीच्या फेऱ्यात आली. ड्रायव्हरला निरोप होता की पिशवी आपटायची नाही, वर काही ठेवायचं नाही. सोयाबीनचं साल कांद्याच्या पापुद्र्यासारखं. पोतं वरून टाकलं तर आतला अंकुर मरतो आणि बाहेरून दाणा शाबूत दिसतो. बहिणीने पैसे घेतले नाहीत. दिवाळीला इरकल घेतली तिला, ती पिशवीपेक्षा महाग पडली.

पांढऱ्या चिठ्ठीचं सांगते, कारण दुकानात कोणी सांगत नाही. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी चिठ्ठी, ते शास्त्रज्ञांच्या हातचं. त्यापासून पायाभूत, त्याला पांढरी. त्यापासून प्रमाणित, त्याला निळी. आणि हिरवट चिठ्ठी दिसली तर ते सत्यप्रत, म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या जबानीवर दिलेलं, प्रमाणीकरण यंत्रणेने न तपासलेलं. हिरवं म्हणजे वाईट असं नाही, पण कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवतो आहोत ते ठाऊक असावं.

गोणपाटात शंभरातले अठ्ठ्याऐंशी उगवले. मग मी तिफण लावलीच नाही. बहिणीकडे टोकण करतात, म्हणजे हाताने दाणे लावतात, तसं बायांना घेऊन सव्वा एकर टोकून घेतलं. शेजारचे भाऊजी बांधावरून म्हणाले, "वहिनी, भुईमूग लावताय का?" हसू द्या. झाड वाढलं ते कमरेच्या वर. पान रुंद, फांद्या भरपूर, शेंगा बुडापासून. दाणा टपोरा. जेएस ३३५ सोबत आयुष्य काढलेल्या माणसाला हे सोयाबीन परक्या जातीचं वाटतं. (३३५ सुद्धा सरकारीच हो, जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं. महाराष्ट्राची दोन पिढ्यांची आडत त्या एका वाणावर चालली आणि आमच्या गावात कित्येकांना अजून ते एखाद्या कंपनीचं वाटतं.)

ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा मोठा पाऊस आला. त्याच्या दोन दिवस आधी आम्ही अर्धं कापून बनीम, म्हणजे गंजी, लावून वर ताडपत्री टाकली होती. भिजलेल्या अर्ध्यातलं आडतीला गेलं. कोरडं राहिलं त्यातलं दोन क्विंटल बियाण्याला ठेवलं. रास करताना मळणीवाल्याला बजावलं, यंत्राचे फेरे कमी कर, मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या वर जाऊ नको. तो कुरकुरला, डिझेलचे पैसे जास्त मागितले. दिले. त्या सव्वा एकरात सगळं मिळून चौदा क्विंटलला दोन पायल्या कमी. ३३५ मला एकरी सात-आठच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

त्यानंतर मी सोयाबीनचं बियाणं विकत घेतलं नाही, ते २०२५ पर्यंत. कौतुक आहे ते इथे. सोयाबीन स्वपरागी पीक. फुलातल्या फुलात फळ धरतं, म्हणून घरचं बियाणं पुढच्या वर्षीही तेच वाण राहतं. कपाशीचं तसं नाही. माझं माहेर परभणीकडचं. भाऊ कपाशी लावतो आणि दरवर्षी बियाण्याची पाकिटं नव्याने घेतो, कारण संकरित सरकी ठेवली तर पुढच्या वर्षी झाडं एकमेकांना ओळखत नाहीत. बीटीच्या, म्हणजे कपाशीत घातलेल्या बोंडअळीरोधक जनुकाचा वेगळा मोबदला पाकिटाच्या किमतीतच असायचा. २०१६ मध्ये केंद्राने तो ४९ रुपयांवर आणला, मग कमी करत २०२० मध्ये शून्य केला. त्याच्याही आधी, २००९ च्या सुमारास, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बिकानेरी नरमा नावाच्या जुन्या सरळ वाणात बीटी घालून बियाणं दिलं होतं. घरी ठेवता येईल असं. एका हंगामातच ते बंद झालं. त्यात खासगी कंपनीच्याच जनुकाची भेसळ निघाली, चौकशी समिती बसली, २०१२ मध्ये अहवाल आला. भाऊ अजून म्हणतो, "ताई, ते टिकलं असतं तर?" ते टिकलं असतं तर भावाने दरवर्षी मे महिन्यात उधारी केली नसती, एवढंच मला कळतं.

संगममध्ये दोष नाहीत असं समजू नका. पहिला दोष माझ्याच हाताने कळला. २०२१ ला भारी रानात तिफणीने एकरी तीस किलो टाकलं, ३३५ च्या सवयीने. हे झाड पसरतं, उंच होतं, त्याला जागा लागते. दाट झालं, गळ्यात गळा घालून लोळलं, खालच्या शेंगा सडल्या. आता एकरी बावीस किलोच्या वर टाकत नाही, रुंद वरंब्यावर लावलं तर अजून कमी. दुसरा दोष मोठा. हे १०५ ते ११० दिवसांचं. ३३५ पंधरवडा आधी मोकळं होतं. आमच्याकडे सप्टेंबरच्या शेवटी पाऊस घात करायला लागलाय आणि संगम नेमकं तेव्हा शेंगा भरून उभं असतं. २०२३ ला उलट झालं. ऑगस्ट सगळा कोरडा गेला, मुरमाड दीड एकरात फुलं गळाली, मग पिवळा मोझॅक रोग. त्या तुकड्यात एकरी तीन क्विंटल. मुरमाड रान असेल तर लवकर येणारा वाण घ्या, हा घेऊ नका. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीसाठी केलेलं पोर आहे, आमच्या माळावर त्याला राग येणारच. २०२४ ला पीक सोन्यासारखं आलं तर भाव पडला. हमीभाव ४,८९२ आणि आडतीवर त्याच्या खाली. पण तो दोष वाणाचा नव्हे.

मग २०२५ चा सप्टेंबर. ओढ्याचं पाणी दोन दिवस रानात. शेंगांना उभ्या झाडावर कोंब आले. घरात पेरण्यालायक एक दाणा राहिला नाही. म्हणजे पाच वर्षांनी मी पुन्हा पिशवीच्या बाजारात. या सहा हंगामांत त्या बाजारात काय झालंय, ते तेव्हा पाहिलं.

आधी सार्वजनिक विक्री केंद्रावर गेले. कोणत्या, ते राहू द्या. पहाटे साडेचारला निघाले, सातबारा, आधार, सगळं घेऊन. रांगेत माझ्यापुढे दीडशे माणसं असतील, बाया चार. माणशी एक पिशवी. अकरा वाजता माझ्यापुढे वीस जण असताना खिडकीतून हात बाहेर आला आणि हलला. संपलं. ज्या तरुण मुलाने हात हलवला त्याच्यावर मी ओरडले, नंतर वाईट वाटलं. त्याच्या हातात काय होतं?

तिथे बसल्या बसल्या हिशेब केला. महाराष्ट्रात सोयाबीन जवळपास ५० लाख हेक्टर. हेक्टरी ७५ किलो धरलं तर साडेसदतीस लाख क्विंटल बियाणं लागतं. ज्वारी-बाजरीचं बी एकराला चार-दोन किलो लागतं, थोडक्या रानात तालुक्याचं होतं. सोयाबीनचं तसं नाही. एक पोतं पेरा आणि स्वच्छ, चाळलेलं बियाणं मिळेल जेमतेम पंधरा-वीस पोती. कुठल्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर हे मावेल? महाबीज, म्हणजे राज्याचं बियाणे महामंडळ, १९७६ पासून आहे, तेही एकटं पुरत नाही. तेव्हा खासगीवाल्याने सरकारी वाण घेऊन वाढवला, पिशवीत भरला आणि गावागावात पोचवला, तर त्यात पाप नाही. त्याने चार पैसे कमवावेत. विद्यापीठं करार करून वाण देतात, मोबदला घेतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००६ मध्ये त्याची नियमावली केली, २०११ मध्ये ॲग्रीइनोव्हेट नावाची कंपनीही काढली. हे सगळं मला पुतण्याने सांगितलं. तो पुण्यात असतो आणि काकू म्हणून माझ्याशी भांडतो.

त्याचं म्हणणं असं की अमेरिकेत १९८० मध्येच कायदा झाला, सरकारी पैशातून निघालेल्या शोधाचं पेटंट विद्यापीठाने घ्यावं आणि उद्योगाला द्यावं, नाहीतर शोध कपाटात पडून राहतात. आपल्याकडेही २००८ च्या डिसेंबरात राज्यसभेत तसं विधेयक आलं, खूप टीका झाली, २०१४ मध्ये मागे घेतलं. "काकू, कपाटात वाण ठेवून शेतकऱ्याचं भलं होतं का?" नाही होत. पण कपाटातून काढून एकाच्याच तिजोरीत घातलं तरी होत नाही. डिग्रजचा वाण दहा जणांना द्या, वीस जणांना द्या, मागेल त्या शेतकरी गटाला द्या. एकट्याला द्याल तर मे महिन्यात तो म्हणेल तो भाव. आणि आलेला मोबदला डिग्रजच्या रानात परत गेला पाहिजे. तिथे पुढचा वाण कोणीतरी ऊन खात निवडत असेल. शंभर दिवसांच्या आत येणारा आणि तांबेऱ्याला न मरणारा काढा म्हणावं, मी वाट बघते.

रांगेतून रिकाम्या हाताने आले ती बाजारच्या दुकानात शिरले. इथली तक्रार मी नाव न घेता, पण सविस्तर लिहिणार.

दुकानदार म्हणाला, "७२६ नाही, पण त्याच्यापेक्षा भारी आहे." रंगीत पिशवी, वर बैलाएवढ्या शेंगेचं चित्र, इंग्रजीत नाव आणि खाली 'संशोधित वाण'. हिरवी चिठ्ठी. पंचवीस किलोला छत्तीसशे. वर एक वाढीचं औषध घ्यावंच लागेल, नाहीतर पिशवी नाही. याला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. मी म्हटलं, औषध नको. तो म्हणाला, मग पिशवी ठेवा. शेवटी दोन्ही घेतलं. औषधाची बाटली अजून फडताळात आहे.

घरी येऊन दाणे ताटात पसरले. तोच आकार, तोच रंग, तशीच नाभी. पाच वर्षं हातातून गेलेला दाणा मी अंधारात ओळखीन. पण दाण्यावरून वाण सिद्ध होत नाही, हेही कळतं. म्हणून उन्हाळ्यात आडाच्या पाण्यावर चार सऱ्या टोकल्या. पान तसंच, फूल तसंच, फांदीची ठेवण तशीच. माझा संशय आहे, पुरावा नाही. आणि संशयापलीकडे मी जाऊही शकत नाही, कारण पिशवीवर कुळाचं नाव नाही. बियाण्याचे आईबाप कोण, ते सरकारी रानात वाढले का, हे लिहायची सक्ती असती तर छत्तीसशे देताना मला कळलं असतं की यातले किती वाढवण्याचे, किती पोचवण्याचे आणि किती त्या चित्रातल्या शेंगेचे. माझी तक्रार नफ्याबद्दल नाहीच. जोतिबांचं नाव लावलेल्या वाणाला दुसऱ्याचं आडनाव लावून माझ्याच दारात विकायला आणलं असेल, तर त्याबद्दल आहे. उगवण मात्र चौऱ्याहत्तर आली. कायद्याने सत्तर पुरते. म्हणजे फसवलं म्हणायला जागा नाही, राग मात्र आहे.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसले ते. आमच्या बचत गटात मी दरवर्षी थोडं बियाणं देत होते. पिशवी नाही, छाप नाही, सुट्टं, मापाने. पिकावर सव्वापट धान्य परत किंवा आडतीच्या भावाच्या वर थोडे पैसे. एकदा एका शहाण्याने घाबरवलं होतं की हे वाण नोंदणीकृत आहे, तुमच्यावर केस होईल. गुजरातेत २०१९ मध्ये बटाट्याच्या वाणावरून शेतकऱ्यांवर कोटी-कोटीचे दावे लागले होते, ते त्याने वाचलं होतं. दावे पुढच्याच महिन्यात मागे घेतले गेले, ते मात्र वाचलं नव्हतं. २००१ चा वाण संरक्षण कायदा आहे, त्याचं कलम ३९ कागदावर लिहून मी कपाटाला चिकटवलं आहे. संरक्षित वाणाचं बियाणं शेतकऱ्याने ठेवावं, पेरावं, अदलाबदल करावं, वाटावं, विकावं. फक्त छापील पिशवीत नाव लावून विकायचं नाही. बियाण्याची पिशवी घेणाऱ्या प्रत्येकाला हे कलम पावतीच्या मागे छापून द्यायला हवं.

तर २०२२ मध्ये माझ्याकडून वीस किलो नेलेल्या गटातल्या एका बाईचं रान उंचावर आहे. पाणी तिच्या बांधापर्यंत आलं आणि वळलं. परवा ती स्वतःहून आली. डोक्यावर पोतं, ते हळूच उतरवलं, आपटलं नाही. म्हणाली, "ताई, तुमचंच हाय. तीन साल झाली, थोडं भेसळलंय, मी निवडून आणलंय." तीस किलो. मी पैसे काढले तर तिने दंडकाप्रमाणे सव्वापटीचा हिशेब सांगितला, पुढच्या राशीला द्या म्हणाली.

तीन वर्षांनी बियाणं बदलावं असं शास्त्र सांगतं आणि ते खरं आहे. त्यामुळे भेसळ झाडं फुलात असताना उपटून टाकायची आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा पांढऱ्या चिठ्ठीसाठी प्रयत्न करायचा, असं ठरवलंय. बहिणीला सांगून ठेवलं आहे, या वेळी इरकल आधीच घेऊन ठेवते म्हटलं.

गुण द्यायचेच तर वाणाला पाचपैकी चार, भारी रानासाठी. मुरमाडासाठी दोन. मिळण्याच्या सोयीला एक, तोही त्या खिडकीतल्या मुलाकडे बघून. दुकानाला देत नाही.

आज नक्षत्र लागलं, पण नुसती भुरभुर आहे. जमिनीत चांगली वीतभर ओल गेल्याशिवाय तिफण हलवायची नाही. तिच्या पोत्यातले शंभर दाणे काल संध्याकाळी गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत लावून गुंडाळी माजघरात ठेवली आहे. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडते. मोजायचे शनिवारी.